एका प्रश्नाला पाणी किती?



भातावरच्या करप्याची माहिती द्यायला मुरबाडकडच्या एका गावात बैठक होती. बैठक संपली, चहा आला आणि मागे बसलेल्या एका आजोबांनी विचारलं, "साहेब, आमचा नातू मोबाइलला सारखं काहीबाही विचारत असतो. तो एआय का काय म्हणतात तो. एकेका प्रश्नाला बाटलीभर पाणी पितो म्हणे. खरं का?" सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, "अहो बाबा, मोबाइल कधी पाणी पितो का?" आजोबा मात्र हसले नाहीत. त्यांच्या पाड्यावर एप्रिल लागला की टँकरची वाट बघावी लागते. त्यांना पाण्याची गोष्ट हसण्यावारी नेणं परवडत नाही.

"बघून सांगतो," असं म्हणून मी त्या दिवशी निघालो. आजोबांचा प्रश्न आपल्या जिल्ह्यात अनेकांच्या मनात आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यात ऐरोली, रबाळे, महापे इथे मोठमोठी डेटा सेंटर उभी आहेत. डोंबिवलीजवळ पलावा इथे डेटा सेंटर पार्क उभारण्यासाठी राज्य शासन आणि लोढा समूह यांच्यात २०२५ मध्ये सुमारे ३०,००० कोटी रुपयांचा सामंजस्य करार झाला. म्हणजे हे यंत्र काही अमेरिकेत बसून पाणी पितंय असं नाही, ते आपल्या शेजारी येऊन बसलं आहे. तेव्हा त्याचा पाण्याचा हिशेब आपल्याला कळायला हवा.

पाणी जातं कुठे?

आपण मोबाइलवर प्रश्न टाइप करतो तेव्हा उत्तर मोबाइलमध्ये तयार होत नाही. प्रश्न तारांमधून डेटा सेंटरला जातो. तिथे हजारो संगणक रात्रंदिवस चालू असतात. पंपाची मोटर जशी तापते तसे हे संगणकही तापतात. मोटर तापली की आपण ती बंद करून झाडाखाली बसतो. तिथे तशी सोय नाही, उष्णता सतत बाहेर काढावीच लागते.

त्याची एक जुनी रीत आपल्या घरात आहे, ती म्हणजे माठ. माठाच्या अंगातून पाणी झिरपतं, हवेत उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. डेटा सेंटरच्या कूलिंग टॉवरमध्ये हेच होतं. एक युनिट विजेतून तयार होणारी उष्णता नुसत्या बाष्पीभवनाने घालवायची तर साधारण दीड लिटर पाणी उडून जातं. शिवाय उरलेल्या पाण्यात क्षार साचत जातात, म्हणून ते अधूनमधून सोडून द्यावं लागतं आणि नवं घ्यावं लागतं.

दुसरी रीत एसीसारख्या चिलरची. त्यात पंख्याने उष्णता हवेत टाकली तर पाणी फार कमी लागतं, पण वीज जास्त लागते. आता तुम्हीच सांगा, पावसाळ्यात माठातलं पाणी गार होतं का? नाही होत, कारण हवाच ओली असते. कोकणची हवा वर्षातले बरेच महिने तशीच दमट असते. म्हणून आपल्याकडे एकट्या माठाच्या तत्त्वावर भागत नाही, चिलर लागतोच. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

कुणाचा आकडा किती?

एआय एकच नाही. जशा भाताच्या जाती तशी त्याची वेगवेगळी मॉडेल आहेत. अमेरिकेतल्या ओपन एआय कंपनीचं चॅटजीपीटी, गुगलचं जेमिनी, फ्रान्समधल्या मिस्ट्राल कंपनीचं ल शा. कोण किती पाणी पितं, याचे काही आकडे बाहेर आले आहेत.

अमेरिकेत रिव्हरसाइड इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक शाओलेई रेन आणि त्यांचे सहकारी यांनी २०२३ मध्ये जीपीटी-३ या त्या वेळच्या मॉडेलचा अंदाज मांडला. मध्यम लांबीच्या १० ते ५० उत्तरांमागे अर्धा लिटर पाणी, म्हणजे एका उत्तराला १० ते ५० मिलिलिटर. आजोबांच्या कानावर आलेली 'बाटली' ही इथलीच. मूळ गोष्ट १० ते ५० उत्तरांना मिळून एक बाटली अशी होती. गावोगाव फिरता फिरता ती एका प्रश्नाला एक बाटली झाली.

२०२५ च्या जूनमध्ये ओपन एआयचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनी सांगितलं की चॅटजीपीटीच्या सरासरी प्रश्नाला ०.३२ मिलिलिटरच्या आसपास पाणी लागतं. म्हणजे एका चमच्याचा पंधरावा हिस्सा. हा आकडा कसा काढला, त्यात काय धरलं, याचा तपशील त्यांनी दिला नाही.

जुलैमध्ये मिस्ट्रालने आपल्या मोठ्या मॉडेलचा हिशेब जाहीर केला. पानभर उत्तरामागे ४५ मिलिलिटर. लगेच ऑगस्टमध्ये गुगलने सांगितलं की जेमिनीच्या मधल्या प्रतीच्या एका लेखी प्रश्नाला ०.२६ मिलिलिटर पाणी आणि ०.२४ वॉट-तास वीज लागते. ०.२६ मिलिलिटर म्हणजे पाच थेंब.

पाच थेंब आणि ४५ मिलिलिटर यांत १७० पटींहून जास्त फरक आहे. मग मिस्ट्राल उधळ्या आणि जेमिनी काटकसरी म्हणायचं का? थांबा, इथेच फसगत होते.

मोजायची जागा कोणती?

कालव्याखाली शेती करणाऱ्यांना हे पटकन कळेल. कालव्याच्या मुखाशी पाणी मोजलं तर एक आकडा येतो. तेच पाणी पाझरत, गळत शेतात आलं की आकडा कमी होतो. आणि पिकाच्या मुळाशी मोजलं तर आणखी कमी. तिन्ही माणसं खरंच बोलतात, पण उभी वेगवेगळ्या जागी आहेत.

इथेही तसंच आहे. गुगलने मोजलं ते डेटा सेंटरच्या आवारात थंडाव्यासाठी लागलेलं पाणी. वीज तयार करताना वीजकेंद्रात जे पाणी गेलं, ते त्यात नाही. रेन यांनी नेमकं यावरच बोट ठेवलं. त्यांच्या स्वतःच्या अंदाजात वीजकेंद्राचं पाणी धरलेलं होतं. मिस्ट्रालने तर वीज आणि यंत्रसामग्री बनवतानाचं पाणीसुद्धा पकडायचा प्रयत्न केला. शिवाय त्यांचं माप पानभर उत्तराचं होतं, तर गुगलचं मधल्या प्रतीच्या प्रश्नाचं. ज्याने जास्त मोजलं त्याचा आकडा मोठा दिसतो. म्हणून ज्याने हिशेब उघडा केला त्यालाच उधळ्या ठरवू नये.

वीजकेंद्राचं पाणी धरलं तर काय होतं, ते आपल्याकडच्या आकड्यांवर पाहू. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने २०१५ मध्ये कोळशावरच्या जुन्या वीजकेंद्रांना जास्तीत जास्त साडेतीन घनमीटर प्रति मेगावॉट-तास अशी पाण्याची मर्यादा घातली. म्हणजे एका युनिटला साडेतीन लिटर. जेमिनीच्या एका प्रश्नाची वीज अशा केंद्रातून आली आणि केंद्राने मर्यादेइतकं पाणी वापरलं, तर त्यात सुमारे ०.८४ मिलिलिटरची भर पडते. पाच थेंबांचे बावीस थेंब होतात. प्रश्न तोच आणि मॉडेलही तेच. फक्त आपण मोजायची जागा बदलली.

मॉडेलामॉडेलात खरा फरक पडतो तो आकाराने. मिस्ट्रालनेच सांगितलं आहे की मॉडेल दहापट मोठं असेल तर त्याचा परिणामही साधारण दहापट होतो. पाच एचपीचा पंप आणि एक एचपीचा पंप यांत जसा फरक, तसाच हा. एका वाक्यात उत्तर देणारं काम आणि चित्र किंवा व्हिडिओ काढून देणारं काम, यांतही विजेचा मोठा फरक आहे. दुसरीकडे यंत्रं सुधारत आहेत. गुगलच्या म्हणण्यानुसार वर्षभरात त्यांच्या मधल्या प्रश्नाची वीज ३३ पटींनी कमी झाली. त्यामुळे २०२३ चा आकडा आजच्या मॉडेलला जसाच्या तसा लावणंही बरोबर नाही.

हंड्याच्या आणि एकराच्या हिशेबात

आता आपल्या मापात येऊ. दिवसाला दहा प्रश्न वर्षभर विचारले तर ३,६५० प्रश्न झाले. गुगलच्या मापाने एक लिटरसुद्धा होत नाही. मिस्ट्रालच्या मापाने १६४ लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या अकरा बादल्या. घरातली तोटी सेकंदाला एक थेंब गळत असेल तर एका दिवसात ८६,४०० थेंब जातात. पाच थेंबांचा एक प्रश्न धरला तर ते १७ हजार प्रश्नांचं पाणी झालं. तेव्हा आजोबांच्या नातवावर रागावण्याआधी तोटीचा वायसर बदला!

'थेंबे थेंबे तळे साचे' हेही तितकंच खरं. चॅटजीपीटीला दिवसाला अडीचशे कोटी प्रश्न येतात असं ओपन एआयने २०२५ च्या जुलैमध्ये सांगितलं. ऑल्टमन यांचा लहानसा आकडा धरला तरी दिवसाला आठ लाख लिटर होतात. दहा हजार लिटरचे ८० टँकर, रोज.

मॉडेल घडवताना लागणारं पाणी वेगळंच. त्याला प्रशिक्षण म्हणतात. रेन यांच्या अंदाजाने जीपीटी-३ घडवताना मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतल्या केंद्रांत सात लाख लिटर पाणी बाष्प होऊन गेलं असावं. एक एकरावर एक इंच पाणी म्हणजे सुमारे एक लाख तीन हजार लिटर. म्हणजे जीपीटी-३ चं आवारातलं पाणी जेमतेम सात एकरांवर इंचभर. मिस्ट्रालचा हिशेब मोठा आहे. घडवणं आणि अठरा महिन्यांचा वापर मिळून २ लाख ८१ हजार घनमीटर. उन्हाळी भाताला हंगामात १,२०० मिलिमीटर पाणी धरलं, तर हे पाणी सुमारे २३ हेक्टर, म्हणजे ५८ एकर उन्हाळी भाताला पुरेल.

हे ऐकून कुणी म्हणेल, मग शेतकरीच खरे पाणी पिणारे! शहरात असं बोललं जातं म्हणून उत्तर माहीत असू द्या. लंडनचे प्राध्यापक टोनी ॲलन यांनी १९९३ च्या सुमारास मालात दडलेल्या पाण्याला 'आभासी पाणी' म्हटलं. २००२ मध्ये नेदरलँड्सचे आर्येन हुक्स्ट्रा यांनी त्याचा हिशेब करायची पद्धत मांडली, तिलाच वॉटर फूटप्रिंट म्हणतात. एक किलो तांदळाला जगाची सरासरी सुमारे २,५०० लिटर येते. पण त्या पद्धतीत पाण्याचे रंग आहेत. पावसाचं जे पाणी जमिनीत मुरून पिकाने घेतलं ते हिरवं. नदी, धरण, विहिरीतून उचललं ते निळं. मळलेलं पाणी स्वच्छ व्हायला जे लागतं ते करडं. आपलं खरिपाचं भात मुख्यतः हिरव्या पाण्यावर आहे. ते पाणी कुणाच्या हंड्यातून घेतलेलं नाही. कूलिंग टॉवरला नळाचं किंवा धरणाचं गोडं पाणी दिलं, तर ते निळं पाणी असतं आणि मे महिन्यातही लागतं. लिटरला लिटर लावून तुलना करणाऱ्याला पहिला प्रश्न विचारा, कुठलं पाणी आणि कुठल्या महिन्यातलं?

धरण उशाशी, कोरड घशाशी

खरा मुद्दा इथे आहे. एका प्रश्नाचं पाणी जगाच्या हिशेबात थेंबभर असेल, पण डेटा सेंटर एका ठिकाणी बसतं आणि एकाच धरणातून पितं.

ढोबळ हिशेब करू. डेटा सेंटरसाठी एका युनिटमागे १.८ लिटर ही अमेरिकेत वापरात असलेली जुनी सरासरी आहे. एक मेगावॉटचं केंद्र दिवसाला २४ हजार युनिट वापरतं. म्हणजे दिवसाला ४३ हजार लिटर पाणी. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या हिशेबाने ते ७८५ माणसांचं, म्हणजे एका गावाचं पाणी. १०० मेगावॉटचं केंद्र असेल तर ७८ हजार माणसांचं. पाणी न उडवणारी पद्धत वापरली तर आकडा याहून खूप कमी येतो. मायक्रोसॉफ्टने तर २०२४ मध्ये जाहीर केलं की त्यांच्या नव्या आराखड्यात थंडाव्यासाठी पाण्याचं बाष्पीभवन होणार नाही, तेच पाणी बंद नळ्यांतून फिरत राहील. म्हणजे मार्ग आहेत. कुठला निवडला जातो, त्यावर सारं आहे.

आपल्या जिल्ह्यातलं पाणी कुठून येतं हे तुम्हाला सांगायला नको. तानसा, मोडकसागर, भातसा ही धरणं शहापूर तालुक्यात, आणि उन्हाळ्यात टँकर लागतो तोही शहापूरच्या पाड्यांना. एमआयडीसीच्या बारवी धरणाची उंची वाढवल्यावर २०१९ मध्ये ते पहिल्यांदा वाढीव पातळीपर्यंत भरलं. त्यासाठी मुरबाड तालुक्यातल्या गावपाड्यांनी घरं आणि जमिनी सोडल्या. ते पाणी कारखान्यांना जातं तसं शहरांनाही जातं. २०१६ च्या उन्हाळ्यात ठाणे, कल्याण-डोंबिवलीत आठवड्यातले काही दिवस पाणी बंद ठेवावं लागलं होतं. कल्याण-डोंबिवलीलगतच्या २७ गावांतली पाण्याची ओरड तर वर्षानुवर्षांची. अशा ठिकाणी नवा मोठा गिऱ्हाईक येत असेल, तर आधीच्यांचं काय, हे विचारण्यात विकासाला विरोध वगैरे काही नाही.

हवेवरच्या चिलरने पाणी वाचलं तरी वीज वाढते, आणि विजेचं पाणी दुसऱ्याच गावात जातं. चंद्रपूरचं वीजकेंद्र इरई धरणाचं पाणी घेतं. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचं वीजकेंद्र बंद ठेवावं लागलं होतं. ट्रॉम्बेसारखी समुद्राच्या पाण्यावर थंड होणारी केंद्रं गोड्या पाण्यावर तितका भार टाकत नाहीत, सौर आणि पवनऊर्जेला तर पाणी अगदी थोडं लागतं. म्हणून 'आमच्या केंद्राला पाणी लागत नाही' असं कुणी म्हणालं की पुढचा प्रश्न तयार ठेवा: वीज कुठली?

एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. डेटा सेंटरमध्ये फक्त एआय नसतं. बँकेचे व्यवहार, फोनवरून पाठवलेले पैसे, ऑनलाइन सातबारा हे सगळं अशाच यंत्रांवर चालतं. त्यामुळे ही केंद्रं नकोच, असं म्हणण्यात अर्थ नाही.

सरपंच, ग्रामसेवकांनी काय विचारावं?

परिसरात असा प्रकल्प आला, ना हरकत दाखल्याचा किंवा जनसुनावणीचा विषय निघाला, तर ग्रामसभेत हे प्रश्न लेखी मांडा आणि उत्तरंही लेखी घ्या.

१. पाणी कुठून घेणार? दिवसाला किती? मार्च ते जून या चार महिन्यांचा आकडा वेगळा द्या.

२. थंडावा कुठल्या पद्धतीने? कूलिंग टॉवर, हवेवरचे चिलर की बंद नळ्या? एका युनिटमागे किती लिटर पाणी?

३. पिण्याजोगं पाणी वापरणार की प्रक्रिया केलेलं सांडपाणी? नवी मुंबई महापालिकेने ऐरोली आणि कोपरखैरणे इथे रोज प्रत्येकी २० दशलक्ष लिटर क्षमतेची केंद्रं उभारून उद्योगांना शुद्ध केलेलं सांडपाणी द्यायची सोय केली आहे. ते तिथे जमतं तर इथे का नाही?

४. क्षार साचलेलं पाणी कुठे सोडणार? ओढ्यात, नाल्यात की प्रक्रिया केंद्रात? उल्हास आणि वालधुनीचं काय झालं ते आपण पाहिलं आहे.

५. बोअरवेल मारणार का? मारणार असाल तर आजूबाजूच्या विहिरींची पातळी आधी मोजून नोंदवा.

६. मीटरचा आकडा दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लावणार का?

सहावा प्रश्न साधा दिसतो, पण सगळ्यांत महत्त्वाचा आहे. जे मोजलं जात नाही त्यावर भांडताही येत नाही.

मग आपण एआय वापरायचं की नाही?

जरूर वापरा. राज्याने २०२५ मध्ये शेतीसाठी स्वतंत्र एआय धोरण मंजूर केलं. 'महाविस्तार' ॲपवर मराठीत प्रश्न विचारता येतो. पीएम किसानच्या हप्त्याची चौकशी 'किसान ई-मित्र'वर करता येते. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उसावर एआयचा प्रयोग केला आहे. त्यात जमिनीतला ओलावा आणि हवामान पाहून पाणी कधी द्यायचं ते सांगितलं जातं.

याचा हिशेब सोपा आहे. एक एकर भेंडीला दोन इंचाची एक पाळी तुम्ही सल्ल्याने टाळलीत, तर दोन लाख लिटरहून जास्त पाणी वाचलं. मिस्ट्रालचं मोठं माप धरलं तरी तेवढ्या पाण्यात ४५ लाख प्रश्न विचारता येतील. पण नुसते प्रश्न विचारून पाणी वाचत नाही. उत्तर ऐकून पाट वेळेवर बंद केला तरच वाचतं. आणि औषधाची मात्रा मोबाइलने सांगितली तरी डब्यावरची चिठ्ठी वाचा, गावच्या सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांना एकदा विचारा, मगच पंप पाठीला लावा. यंत्र चुकतं, आणि चुकलं की पीक आपलं जातं.

वापरताना प्रश्न नेमका विचारा. 'भातावर रोग पडला' असं न लिहिता जात, लागवडीची तारीख, पानावरचा डाग कसा आहे हे एकदम लिहा. चार प्रश्नांचं काम एकात होतं. करमणुकीसाठी चित्रं आणि व्हिडिओ काढत बसणं टाळलं तर उत्तमच.

गेल्या आठवड्यात आजोबांकडे गेलो आणि सांगितलं, "बाबा, नातवाच्या एका प्रश्नाला बाटली लागत नाही. कुणाच्या मापाने पाच थेंब, कुणाच्या मापाने नऊ चमचे." आजोबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे नातू पाणी पीत नाही. पण ती इमारत पिते. ती आपल्या धरणातलं किती पिते, ते तेवढं विचारा."

ते विचारायचं काम आता तुमचं-आमचं, ग्रामसभेचं आहे.